छायांकित भाग नीट दिसायलाच हवा: लेटेक आणि टिक्झमध्ये गणिताच्या आकृत्या शेड करायची रीत

'छायांकित भागाचं क्षेत्रफळ काढा' या प्रश्नात शब्द चार असतात, बाकी सगळा प्रश्न आकृतीत असतो. शेड फिकी पडली, सीमारेषा शेडमध्ये बुडाली किंवा शेजारच्या तुकड्यावर पण रंग गेला की रीत येत असलेलं पोरगं सुद्धा भलतंच क्षेत्रफळ काढतं, आणि चूक त्याची नसते, आकृतीची असते. मी नाशिकला क्लासेसचे पेपर आणि नोट्स टाईपसेट करून देते, कॉलेज रोड, गंगापूर रोड, नाशिकरोड असं सगळीकडून काम येतं, आणि सर-मॅडम लोकांची सगळ्यात जास्त विचारणा याच एका गोष्टीची असते की शेडिंग कसं करायचं. म्हणून सगळं एका जागी, पहिल्यापासून लिहितेय. टाईपसेटिंगचं सॉफ्टवेअर लेटेक आणि त्यातलं आकृत्या काढायचं टिक्झ पॅकेज, आलेख असतील तिथे पीजीएफप्लॉट्स. तिन्ही फुकट आहेत.

एक आधीच सांगते, कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिलीत, टाईप करताना ती इंग्रजी लहान अक्षरात आणि कमांडच्या आधी बॅकस्लॅश. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरायचा नाही, टिक्झमधले निम्मे एरर तिथूनच येतात.

आधी तयारी

कॉम्प्युटरवर टेक लाइव्ह किंवा मिकटेक (यातूनच लेटेक इन्स्टॉल होतं) टाकून घ्या, नाहीतर ब्राउझरमध्ये ओव्हरलीफ चालेल. आकृतीसाठी डॉक्युमेंट क्लास स्टँडअलोन घ्या आणि त्याला टिक्झचा ऑप्शन द्या, म्हणजे पूर्ण ए-फोर पान न येता आकृतीएवढीच कापलेली पीडीएफ मिळते आणि ती कुठल्याही पेपरात घालता येते. मला प्रत्येक आकृतीची वेगळी फाईल ठेवायला आवडतं, पुढच्या वर्षी सरांनी 'तीच आकृती द्या पण बाजू ७ च्या ऐवजी १४ करा' म्हटलं की दोन मिनिटांचं काम राहतं.

आकृतीत मराठी अक्षरं असतील, म्हणजे बिंदूंची नावं अ, ब, क किंवा 'आंबा आवडणारे' असली लेबलं, तर पीडीएफलेटेक हा नेहमीचा कंपायलर सोडा आणि ल्युआलेटेकने कंपाईल करा. फॉन्टस्पेक पॅकेज घ्या, फॉन्ट मुक्त किंवा नोटो सेरिफ देवनागरी, स्क्रिप्ट देवनागरी आणि रेंडरर हार्फबझ असं लिहा. रेंडरर दिला नाही तर जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी विस्कटू शकते.

मग टिक्झच्या लायब्ररी लोड करायच्या: पॅटर्न्स, पॅटर्न्स डॉट मेटा, इंटरसेक्शन्स आणि बॅकग्राउंड्स. पीजीएफप्लॉट्स वापरणार असाल तर त्याची फिलबिटवीन लायब्ररी वेगळी लोड करावी लागते, ती टिक्झच्या यादीत टाकून चालत नाही, तिच्यासाठी यूज-पीजीएफप्लॉट्स-लायब्ररी अशी स्वतंत्र कमांड आहे.

शेड म्हणजे बंद रस्ता

टिक्झला 'हा भाग रंगव' असं सांगता येत नाही. पेंटमध्ये बादली घेऊन क्लिक केलं की भाग भरतो, तसलं काही इथे नाही. इथे आपण एक रस्ता सांगतो, या बिंदूपासून निघ, तिथे जा, मग कमानीने वळ, परत सुरुवातीला ये, आणि त्या बंद रस्त्याच्या आतला भाग भरला जातो. त्यामुळे कुठलीही आकृती शेड करायच्या आधी कागदावर पेन्सिलने त्या तुकड्याच्या काठावरून एकदा फिरून बघा, कुठून निघालो, कुठे सरळ गेलो, कुठे गोल गेलो. हे फिरणं जमलं की कोड म्हणजे तेच फिरणं लिहून काढायचं. सगळ्या लेखात हीच एक गोष्ट पक्की करा, बाकीच्या कमांड नंतर शोधता येतात.

कमांड तीन आहेत. ड्रॉ फक्त रेषा काढते, फिल फक्त आतला भाग भरते, फिलड्रॉ दोन्ही करते. रस्ता बंद करायला शेवटी दोन डॅश आणि सायकल लिहायचं. सायकल विसरलात तरी फिल आपोआप भाग बंद करून भरते, पण ड्रॉ शेवटची बाजू काढत नाही, म्हणून फिलड्रॉमध्ये सायकल राहून गेलं की तीनच बाजू असलेला चौकोन दिसतो आणि आत शेड मात्र पूर्ण असते. असं दिसलं की समजायचं काय राहिलंय.

मी फिलड्रॉ सहसा वापरतच नाही. शेड वेगळी, रेषा वेगळ्या. कारण टिक्झमध्ये जे नंतर लिहिलं ते आधीच्याच्या वर बसतं, रेषा आधी काढून शेड नंतर टाकली तर शेड रेषेची आतली अर्धी जाडी खाते आणि सीमा एकीकडे जाड एकीकडे बारीक दिसते. संस्कार भारतीच्या रांगोळीत जसा आधी रंग पसरतात आणि पांढरी रेघ वरून ओढतात अगदी तोच क्रम इथे धरायचा. माझा क्रम असा असतो: पहिल्यांदा सगळ्या बिंदूंना कोऑर्डिनेट कमांडने नावं, मग शेड, मग आलेखाच्या चौकटी असतील तर त्या बारीक रेषेत, मग अक्ष, मग मुख्य रेषा आणि वर्तुळं, मग ठिपके, आणि सगळ्यात शेवटी अक्षरं. ज्यांच्या जुन्या फाईल्समध्ये रेषा आधी लिहिल्या गेल्यात त्यांनी सगळं उलटपालट करू नका, फक्त फिलची ओळ ऑन-बॅकग्राउंड-लेयर एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका, ती आपोआप मागे जाते.

सरळ रेषांचा भाग, बारावीचं एलपीपी (लिनियर प्रोग्रामिंग)

सगळ्यात सोपं इथून सुरू करू. समजा दिंडोरीचा एक शेतकरी एक्स एकर टोमॅटो आणि वाय एकर कांदा लावणार आहे, मजुरांची अट एक्स + २वाय ≤ ८, पाण्याची अट ३एक्स + २वाय ≤ १२, आणि दोन्ही शून्य किंवा जास्त. दोन समीकरणांची वजाबाकी केली की एक्स = २, वाय = ३. म्हणजे फीजिबल रीजनचे (सगळ्या अटी पाळणाऱ्या भागाचे) कोपरे (०,०), (४,०), (२,३), (०,४). झालं, हाच रस्ता: फिल, चौकटी कंसात रंग, मग (०,०) -- (४,०) -- (२,३) -- (०,४) -- सायकल. त्यावर पहिली रेषा (०,४) पासून (८,०) पर्यंत, दुसरी (०,६) पासून (४,०) पर्यंत, ड्रॉने. अट ≤ च्या ऐवजी नुसती < असेल तर ती रेषा डॅश्ड करायची, बऱ्याच नोट्समध्ये हे राहून गेलेलं असतं आणि मग सीमा धरायची की नाही हे मुलांना कळत नाही.

कोपरे हाताने काढायचे नसतील, आकडे वाकडे असतील, तर दोन्ही रेषांना नेम-पाथने नाव द्या आणि नेम-इंटरसेक्शन्सने छेदनबिंदू काढून घ्या, टिक्झ तो बिंदू स्वतः शोधतं आणि तुम्ही दिलेल्या नावाने तो रस्त्यात वापरता येतो. पण माझं मत विचाराल तर एलपीपीत कोपरे हाताने सोडवूनच टाका, उत्तरपत्रिका बनवताना ते लागणारच असतात आणि आकृती आणि उत्तर जुळतंय की नाही याचा ताळाही तिथेच मिळतो.

आता खरी अडचण येते ती अनबाउंडेड रीजनला. एक्स + वाय ≥ ४ आणि एक्स + ३वाय ≥ ६ घ्या. कोपरे (०,४), (३,१), (६,०), आणि तिथून भाग वर-उजवीकडे कितीही दूर जातो. कितीही दूरचा रस्ता लिहिता येत नाही म्हणून आलेख जिथे संपवायचा तिथे कापायचा: (०,४) -- (३,१) -- (६,०) -- (८,०) -- (८,७) -- (०,७) -- सायकल. इथे जर फिलड्रॉ वापरलं तर उजवीकडची आणि वरची काठाची रेष पण छापली जाते आणि पोरांना वाटतं की रीजन तिथे संपलं, मग ते (८,७) हा पण कोपरा धरून झेडची (ज्याची कमाल-किमान किंमत विचारलीय त्याची) किंमत काढत बसतात. शेड वेगळी आणि रेषा वेगळ्या ठेवायच्या हे मी वर म्हटलं त्याचं सगळ्यात मोठं कारण हे. इथे फक्त फिल करा, वरच्या आणि उजव्या काठाला रेष नकोच, अक्षांना मात्र शेडच्या पुढे थोडं जाऊन बाण द्या.

वर्तुळं, दहावीचं महत्त्वमापन

इथे आर्क समजून घ्यायला लागतं आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, म्हणून जरा सावकाश बघू.

आर्क लिहिताना कंसात तीन आकडे येतात, सुरुवातीचा कोन, शेवटचा कोन, त्रिज्या, मध्ये कोलन. यात वर्तुळाचं केंद्र कुठेच लिहिलेलं नसतं! टिक्झ असं धरतं की आपण आत्ता ज्या बिंदूवर उभे आहोत तो बिंदू त्या सुरुवातीच्या कोनावर आहे, आणि त्यावरून केंद्र ते स्वतः ठरवतं. म्हणजे केंद्र (०,०) आणि त्रिज्या २ असलेल्या वर्तुळावर ३० ते ९० अंशांची कमान हवी असेल तर आधी ३० अंशाच्या बिंदूवर जाऊन उभं राहायला लागतं, तो बिंदू (३०:२) असा ध्रुवीय पद्धतीने लिहिता येतो, आणि मग आर्क (३०:९०:२). कमान भलतीकडे जातेय असं दिसलं की शंभरातल्या नव्वद वेळा उभं राहायचा बिंदू आणि सुरुवातीचा कोन जुळत नसतो.

मग द्वैत्रिज्य (वर्तुळपाकळी) म्हणजे (०,०) -- (३०:२) आर्क (३०:९०:२) -- सायकल. केंद्रातून निघालो, वर्तुळावर गेलो, कमानीने फिरलो, परत केंद्रात. आणि वर्तुळखंड हवा असेल तर केंद्र गाळून टाका, (३०:२) आर्क (३०:९०:२) -- सायकल, सायकलची सरळ रेषच जीवा होते. विशालखंड हवा तर कमान दुसऱ्या बाजूने फिरवा, (९०:२) पासून आर्क (९०:३९०:२). ३९० बघून दचकू नका, ३६० च्या पुढचे कोन चालतात.

आता नेहमीचे दोन प्रश्न घेऊ. बाजू ७ सेमी असलेल्या चौरसाच्या एका कोपऱ्यावर केंद्र धरून ७ त्रिज्येची पाव वर्तुळाची कमान काढलीय आणि कमानीच्या बाहेरचा चौरसातला भाग छायांकित आहे. काठावरून फिरा: (७,०) पासून सरळ वर (७,७), तिथून डावीकडे (०,७), आणि (०,७) वरून कमानीने परत (७,०). केंद्र (०,०) धरलं तर (०,७) हा ९० अंशांवर आहे, म्हणून आर्क (९०:०:७), उलट्या दिशेने. पूर्ण रस्ता (७,०) -- (७,७) -- (०,७) आर्क (९०:०:७) -- सायकल. उत्तर ४९ − ३८.५ = १०.५ चौसेमी, पाय २२/७ धरून.

दुसरा प्रश्न पानाच्या आकाराचा. त्याच चौरसात समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरून दोन कमानी, मधलं पान शेड करायचं. यासाठी लोक काय काय करतात, दोन वर्तुळं काढून उरलेल्यावर पांढरे तुकडे चिकटवत बसतात. काही गरज नाही, रस्ता एवढाच आहे: (७,०) आर्क (०:९०:७) आर्क (१८०:२७०:७) -- सायकल. पहिली कमान आपल्याला (०,७) वर सोडते, (०,७) हा दुसऱ्या केंद्रापासून म्हणजे (७,७) पासून बघितलं तर १८० अंशांवर आहे, तिथून २७० पर्यंत गेलं की परत (७,०). उत्तर २८ चौसेमी येतं, पडताळून बघा.

आकृती ७ सेमीची काढली तर अर्धं पान जाईल, म्हणून टिक्झपिक्चरला स्केल ०.५ द्या. स्केल दिल्यावर फक्त अंतरं लहान होतात, रेषांची जाडी, अक्षरांचा आकार आणि शेडच्या तिरप्या रेघांमधलं अंतर तेवढंच राहतं. हे चांगलंच आहे, पेपरातल्या सगळ्या आकृत्या एका हातच्या वाटतात. त्यामुळे पीडीएफ झाल्यावर इमेज ओढून लहान करण्यापेक्षा आकृतीतच स्केल बदला.

वेन आकृत्या, इथे क्लिप लागतं

नववीच्या संचांपासून वेन आकृत्या सुरू होतात. अ आणि ब च्या छेदाचा काठ कोनांनी लिहिता येतो पण कोन काढायचा त्रास कशाला, त्यापेक्षा क्लिप वापरा. क्लिप म्हणजे या रस्त्याच्या बाहेर काहीही उमटू देऊ नको. स्कोप (आकृतीतला एक वेगळा गट) सुरू करा, अ चं वर्तुळ क्लिप करा, ब चं वर्तुळ फिल करा, स्कोप बंद करा. ब भरला जातो पण अ च्या आतलाच दिसतो, म्हणजेच छेद. स्कोप फार महत्त्वाचा, तो नसेल तर क्लिप पुढच्या सगळ्या आकृतीला लागू राहतं आणि लेबलं, चौकट, सगळं गायब होतं.

संयोग त्याहून सोपा, एकाच फिलमध्ये दोन्ही वर्तुळं लिहा. दोन वेगळे फिल आणि त्यात पारदर्शकता दिली तर मधला भाग दुप्पट गडद होतो, आणि 'गडद भाग वेगळा मोजायचा का' असा प्रश्न परीक्षेच्या हॉलमध्ये येतो.

अ मधून ब वजा करायला ईव्हन-ऑड-रूल कामाला येतो. हा नियम असा, एखाद्या बिंदूपासून बाहेर जाताना काठ विषम वेळा ओलांडला तर भरायचं, सम वेळा ओलांडला तर सोडायचं. अ आणि ब दोन्ही वर्तुळं या नियमाने एकत्र फिल केली की मधला छेद सुटतो आणि दोन चंद्रकोरी भरल्या जातात. त्यातली फक्त अ ची हवी म्हणून आधी अ वर क्लिप. बरेच जण अ भरून वर ब पांढऱ्याने भरतात, दिसायला तेच दिसतं, पण मागे काही असेल, फिकी पार्श्वभूमी असेल, तर ते पांढरं ठिगळ दिसतं.

आता एक जागा अशी आहे जिथे हाच नियम फसवतो, आणि ती म्हणजे संयोगाचा पूरक संच. चौकट आणि दोन्ही वर्तुळं ईव्हन-ऑड-रूलने एकत्र भरली तर बाहेरचा भाग बरोबर भरतो, नुसता अ आणि नुसता ब बरोबर सुटतो, पण छेदातून बाहेर जाताना तीन काठ ओलांडले जातात, तीन विषम, म्हणून छेद पण भरला जातो. छापलेल्या साहित्यात ही चूक दिसते आणि घाईत नजरेतून सुटते सुद्धा. बरोबर रीत अशी की क्लिप दोनदा करायचं: स्कोपला ईव्हन-ऑड-रूल द्या, आत पहिलं क्लिप चौकट आणि अ चं वर्तुळ मिळून, म्हणजे अ च्या बाहेरचा भाग, दुसरं क्लिप चौकट आणि ब मिळून, मग पूर्ण चौकट फिल करा. दोन क्लिप एकापाठोपाठ लावले की दोन्हींचा छेद उरतो, आणि अ-बाहेर आणि ब-बाहेर यांचा छेद म्हणजेच आपल्याला हवा तो पूरक. डी मॉर्गनचा नियम शिकवताना ही आकृती हमखास लागते, आणि गंमत म्हणजे कोड लिहिताना आपण तोच नियम वापरलेला असतो. नियम स्कोपवरच द्या, क्लिप कमांडच्या कंसात ऑप्शन घालायला जाऊ नका, काही ऑप्शनना तिथे एरर येतो.

तीन संचांनाही हेच, जेवढ्या अटी तेवढे क्लिप. 'अ आणि ब मध्ये आहे पण क मध्ये नाही' म्हणजे अ वर क्लिप, ब वर क्लिप, क च्या बाहेर क्लिप, मग फिल.

वक्राखालचं क्षेत्र

बारावीचं इंटिग्रेशन आलं की पीजीएफप्लॉट्स घ्या. अक्ष, आकडे, खुणा सगळं ते स्वतः करतं. वाय = एक्स वर्ग आणि वाय = एक्स + २ यांच्यामधला भाग घेऊ, दोघं (−१,१) आणि (२,४) ला छेदतात, क्षेत्रफळ ४.५. अॅक्सिस एन्व्हायर्नमेंटमध्ये अॅक्सिस-लाइन्स मिडल, डोमेन −२ ते ३, सॅम्पल्स १००. पहिला अॅडप्लॉट परवलयाचा आणि त्याला नेम-पाथ, दुसरा रेषेचा आणि त्याला दुसरं नाव. मग तिसरा अॅडप्लॉट फिल-बिटवीन, त्यात ऑफ (of) म्हणून ती दोन नावं, आणि सॉफ्ट-क्लिपमध्ये डोमेन −१ ते २. सॉफ्ट-क्लिप दिलं नाही तर छेदनबिंदूंच्या पलीकडे दोन्ही बाजूंना पण शेड होते आणि उत्तर ४.५ राहत नाही. इथे क्रमाची काळजी नको, फिल-बिटवीन शेड आपोआप मागच्या लेयरवर टाकतं.

नुसता वक्र आणि एक्स-अक्ष यांच्यामधला भाग हवा तर फिल-बिटवीनची पण गरज नाही, हव्या त्या डोमेनचा अॅडप्लॉट फिलसकट घ्या आणि शेवटी क्लोज्डसायकल लिहा, ते वक्राच्या दोन्ही टोकांवरून अक्षापर्यंत सरळ उतरतं. त्याला ड्रॉ नन द्या आणि खरा वक्र परत वरून काढा.

साइन एक्सचा ० ते २पाय हा प्रश्न असेल तर वरचा आणि खालचा तुकडा वेगळ्या शेडमध्ये दाखवा, फिल-बिटवीनला स्प्लिट द्या आणि सम-विषम सेगमेंटना वेगवेगळी स्टाईल. इंटिग्रल शून्य येतो पण क्षेत्रफळ ४ येतं, हा फरक दोन शेड बघितल्या की मुलांना पटकन कळतो. पीजीएफप्लॉट्समध्ये साइन अंशात चालतो, एक्स रेडियनमध्ये असेल तर त्याला डेग फंक्शनमध्ये घाला, नाहीतर आलेख जवळपास सरळ रेष दिसेल.

वाय वर्ग = ४एक्स आणि त्याचा नाभिलंब यांच्यामधला भाग हा प्रश्न सगळ्यांच्या यादीत असतो. इथे वाय = २√एक्स आणि वाय = −२√एक्स असे दोन प्लॉट काढून भरायला जाऊ नका, शून्याजवळ वक्र एकदम उभा असतो, तिथे पॉइंट कमी पडतात आणि परवलयाचं नाक चपटं होतं. त्यापेक्षा पॅरामेट्रिक घ्या, पहिला निर्देशक टी वर्ग, दुसरा २टी, टी ला −१ ते १. शेवटी -- सायकल लिहिलं की (१,२) पासून (१,−२) पर्यंत जी सरळ रेष जाते तो नाभिलंबच! एका ओळीत काम होतं, क्षेत्रफळ ८/३.

साध्या टिक्झच्या प्लॉटमध्ये हेच करत असाल तर दोन गोष्टी. सूत्रात कंस असतील तर पूर्ण सूत्र महिरपी कंसात घाला. आणि एक्सचा वर्ग लिहिताना एक्स भोवती साधा कंस टाकाच, कारण तिथे एक्सच्या जागी आकडा जसाच्या तसा बसतो, −१ चा वर्ग −(१ चा वर्ग) असा वाचला जातो आणि परवलयाचा डावा हात खाली वळतो.

करडा रंग की तिरप्या रेघा

स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. पण आपला पेपर आधी लेझर प्रिंटवर निघतो, मग रिसोवर किंवा झेरॉक्सवर शेकड्याने, आणि कधीकधी झेरॉक्सची झेरॉक्स. लेझर प्रिंटर करडा रंग छापत नाही, तो काळे बारीक ठिपके छापतो. त्या ठिपक्यांची परत कॉपी झाली की काही ठिपके उडतात, काही एकमेकांना चिकटतात, आणि शेड डागाळलेली दिसते. ग्रे १० टक्के तर बहुतेक वेळा पूर्ण पुसलाच जातो. ४० च्या वर गेलात तर आतलं अक्षर वाचता येत नाही.

म्हणून माझा नियम, एकदाच छापायची पुस्तिका असेल तर ग्रे २५ ते ३०, आणि झेरॉक्स-रिसोवर जाणारा पेपर असेल तर तिरप्या रेघा. रेघ पूर्ण काळी असते, तिला ठिपके लागत नाहीत. फिलच्या जागी पॅटर्न लिहायचं, नॉर्थ-ईस्ट-लाइन्स म्हणजे उजवीकडे चढणाऱ्या रेघा, नॉर्थ-वेस्ट-लाइन्स उलट्या. फक्त या तयार रेघा दाट असतात आणि त्यांची जाडी साधारण टिक्झच्या नेहमीच्या रेषेएवढीच असते, त्यामुळे सीमारेषा त्यात हरवते. दोन उपाय आहेत आणि दोन्ही करा. सीमेला थिक द्या, म्हणजे ती ०.४ पॉइंटवरून ०.८ होते. आणि पॅटर्न्स डॉट मेटा मधला लाइन्स पॅटर्न घ्या, याचं पहिलं अक्षर कॅपिटल, त्यात कोन ४५, अंतर ४ पॉइंट, लाइन-विड्थ ०.३ पॉइंट असं हवं ते ठरवता येतं. तिरप्या बाजूला समांतर रेघा आल्या तर कोन बदला, ४५ अंशाच्या कर्णाला ४५ अंशाच्या रेघा लावल्या की कर्ण कुठला आणि रेघ कुठली तेच कळत नाही. पॅटर्न सापडत नाही असा एरर आला तर इन्स्टॉलेशन जुनं आहे, अपडेट करा.

रेघांचा आणखी एक फायदा शिकवताना होतो. एलपीपीत पहिल्या अटीचा भाग एका दिशेच्या रेघांनी आणि दुसऱ्याचा उलट्या रेघांनी भरा, जिथे जाळी तयार होते तोच फीजिबल रीजन, वेगळं सांगावं लागत नाही. वेनमध्ये छेदालाही हे चालतं.

शेडवर अक्षर लिहायचं असेल तर त्या नोडला (टिक्झमध्ये अक्षर नोडने बसवतात) फिल व्हाइट आणि इनर-सेप १ पॉइंट द्या, म्हणजे अक्षरामागे रेघा कापल्या जातात. पण शक्य असेल तर अक्षर बाहेर काढा आणि बारीक रेष ओढून आत दाखवा, लहान आकृतीत पांढरा चौकोन बघून कुणालाही वाटेल की तेवढा भाग शेडमधून वगळलाय.

पेपर वर्डमध्ये असेल तर

अजूनही बरेच क्लास पेपर वर्डमध्येच बनवतात, आणि त्यांनी लेटेक फक्त आकृतीपुरतं वापरलं तरी चालतं. स्टँडअलोनची पीडीएफ इंकस्केपमध्ये उघडा आणि एसव्हीजी म्हणून सेव्ह करा, नवीन वर्ड ती थेट घेतं आणि रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. जुनं वर्ड असेल तर पीएनजी काढा पण ६०० डीपीआयने, ७२ किंवा ९६ ला तिरप्या रेघा पायऱ्या-पायऱ्यांच्या येतात. आणि वर्डच्या सेटिंगमध्ये इमेज कॉम्प्रेस करू नको ही खूण लावून ठेवा, नाहीतर सेव्ह करताना ते ६०० चं परत कमी करतं. पीडीएफ स्क्रीनवर बघताना शेजारी-शेजारी भरलेल्या दोन भागांमध्ये कधीकधी केसाएवढी पांढरी फट दिसते, ती बहुतेक वेळा स्क्रीनचीच असते, झूम बदलला की जाते आणि कागदावर येत नाही. शंका असेल तर एक प्रत प्रिंट करा, तिची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची परत एक झेरॉक्स काढा, आणि ती तिसरी प्रत ज्याने आकृती काढलेली नाही अशा कुणाच्यातरी हातात देऊन छायांकित भागाच्या काठावरून बोट फिरवायला सांगा.